गाय, भात आणि गळका व्हॉल्व्ह

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जगभरचा मिथेन २०३० पर्यंत तीस टक्क्यांनी घटवण्याचा संकल्प सोडला गेला. पुढे दीडशेहून अधिक देश त्यात आले, भारत आला नाही. तेव्हापासून आपल्याकडे मिथेनचं नाव निघालं की वाद थेट गोठ्यात जाऊन बसतो. एक बाजू विचारते, एवढं पशुधन असलेला देश हात झटकून मोकळा कसा होतो? दुसरी म्हणते, दोन एकरवाल्याच्या म्हशीचा रवंथ मोजायला येणाऱ्यांनी आधी आपल्या दारातल्या गाड्या मोजाव्यात. आवेश दोन्हीकडे भरपूर. मात्र नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेनच, आणि विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या वाटेवर जो गळतो, त्याचा दोन्हीकडे पत्ता नाही.

माझं म्हणणं असं, की गाय आणि भातखाचर हा एक प्रश्न आहे आणि तेल-वायू उद्योगातली गळती हा दुसरा. रेणू सोडला तर या दोघांत काहीही समान नाही. ग्लासगोत सही न करणं बरोबर होतं असं मानूनही दुसऱ्या प्रश्नावर कडक नियम करता येतात आणि ते करायला हवेत. गळक्या उपकरणांवर ते आत्ताच लागू करावेत, मोजमाप त्यांच्या बरोबरीने सुरू व्हावं आणि वाया गेलेल्या प्रत्येक घनमीटरवर रॉयल्टी, म्हणजे उत्पादनावरचा सरकारचा हिस्सा, लागावी. म्हशीच्या पोटात व्हॉल्व्ह बसवता येत नाही. कॉम्प्रेसरला तो मुळातच असतो, फक्त त्याचं पॅकिंग कुणी बदललेलं नसतं.

विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा आकड्यांचा आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या तिसऱ्या द्वैवार्षिक अहवालानुसार २०१६ मध्ये देशाच्या मिथेनपैकी ७३.९६ टक्के शेतीतून आला, १४.४६ टक्के कचरा आणि सांडपाण्यातून, तर ऊर्जाक्षेत्रातून १०.६२ टक्के. त्या साडेदहा टक्क्यांत कोळशाच्या खाणी आल्या, चुलीतलं सरपणही आलं. तेल आणि वायू हा त्याचाही एक तुकडा. एवढ्याशा तुकड्यासाठी नवा कायदा, नवे निरीक्षक, नवा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकणारे पर्यावरणवादी आपल्याच बाजूचं नुकसान करतात.

पण हा तुकडा मोजतात कसा? बहुतेक देशांत तो मोजत नाहीत, गुणाकाराने काढतात. अमुक इतके व्हॉल्व्ह, तमुक इतके कॉम्प्रेसर, प्रत्येकाला एक ठरीव गुणांक, आणि शेवटी बेरीज. गुणांक ठरवताना उपकरण सरासरी अवस्थेत आहे असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात गळती सरासरीने होत नाही. शंभर ठिकाणी नगण्य असते आणि एखाद्या ठिकाणी धबधबा. अमेरिकेतल्या अनेक मोजण्या एकत्र तपासल्यावर २०१६ साली असं दिसलं, की सर्वांत मोठ्या पाच टक्के गळत्यांतून निम्म्याहून जास्त वायू जातो. दोन वर्षांनी ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्या देशाच्या तेल-वायू साखळीतलं उत्सर्जन वर्षाला १.३ कोटी टन, म्हणजे उत्पादित वायूच्या २.३ टक्के काढलं. सरकारी हिशेबापेक्षा हा आकडा सुमारे साठ टक्क्यांनी जास्त होता. जिथे यंत्रणा जुनी आहे, पैसा आहे आणि विद्यापीठं विमानं घेऊन मोजायला जातात, तिथला कागद इतका चुकला. मग आपला कागद बरोबरच असेल, हे कशावरून? ‘आमचा वाटा थोडा आहे’ हे मोजलेल्या माणसाने म्हटलं तर युक्तिवाद होतो, न मोजता म्हटलं तर समजूत.

आणि वाटा खरोखर थोडा असला तरी काय? कुठल्या प्रश्नाला आधी हात घालायचा हे वाट्याच्या आकारावर ठरत नाही. तो सोडवायला काय लागतं आणि कुणाच्या खिशातून जातं, यावर ठरतं. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षं टिकतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. आज थांबवला तर फरक याच पिढीला दिसतो. भाताच्या खाचरातला मिथेन कमी करायचा तर पाणी आलटूनपालटून द्यावं लागतं. त्यासाठी पाणी शेतकऱ्याच्या हातात हवं, आणि कोकणातल्या पावसाळी भाताला ते कुणाच्याच हातात नसतं. तेल-वायू उद्योगात मात्र सुटणारा वायू विकाऊ माल आहे, मालक एक आहे आणि त्याच्याकडे अभियंत्यांची फौज आहे.

तो सुटतो कुठून, हे जरा जवळून पाहू. विजेची सोय नसलेल्या विहिरीवर सेपरेटरची, म्हणजे तेल आणि वायू वेगळे करणाऱ्या पात्राची, पातळी सांभाळणारे नियंत्रक वायूच्याच दाबावर चालतात. दर हालचालीला, किंवा सततच, थोडा वायू बाहेर टाकतात. बिघाड म्हणून नव्हे, त्यांची रचनाच तशी आहे. जास्त गळणाऱ्या जातीचा एक नियंत्रक तासाला सरासरी ३७ घनफूट सोडतो, म्हणजे वर्षाला सुमारे सहा टन. कमी गळतीच्या नियंत्रकाला अमेरिकेत तासाला सहा घनफुटांची मर्यादा आहे, तरी वर्षाअखेर एक टन होतोच. उपाय साधा आहे: संकुचित हवा, नाहीतर सौर पॅनेलवर चालणारी विजेची मोटर. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये दांड्याभोवती पॅकिंगच्या कड्या असतात. नवं, नीट बसवलेलं पॅकिंग दर दांड्याला तासाला तृतीयांश घनमीटर सोडतं. झिजलेलं पंचवीस घनमीटरपर्यंत जातं. कॉम्प्रेसर चालू राहतो, उत्पादन थांबत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. अमेरिकी नियमाने २६,००० तास किंवा छत्तीस महिने, जो पर्याय निवडाल त्यानुसार कड्या बदलायला लावल्या. त्यामागे खगोलशास्त्र नव्हतं, गॅरेजमधलं वेळापत्रक होतं.

तेलाच्या टाकीची गोष्ट याहून घरगुती आहे. सेपरेटरमधून दाबाखाली असलेलं तेल टाकीत पडलं की सोड्याच्या बाटलीसारखा त्यातला विरघळलेला वायू उसळून वर येतो. तो खेचून घेणारं यंत्र लहान पडलं तर टाकीवरचं मोजणीचं झाकण उचललं जातं. पुष्कळदा यंत्राला उगाच दोष मिळतो. खरं कारण अलीकडे, सेपरेटरच्या निचरा-व्हॉल्व्हमध्ये असतं. वाळूचा कण अडकून तो अर्धवट उघडा राहतो, तेलाबरोबर वायूच टाकीत घुसतो आणि टाकी धापा टाकते. कधी याहून क्षुल्लक: तेलाची पातळी मोजून गेलेल्या माणसाने झाकण नीट लावलेलं नसतं, किंवा झाकणाखालचं गॅस्केट उन्हाने तडकलेलं असतं. मिथेनला वास नाही, रंग नाही. शेगडीच्या वायूला येतो तो वास शहरात पुरवण्याआधी मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. ३.३ मायक्रॉनच्या आसपास पाहणारा अवरक्त कॅमेरा लावला की तोच वायू टाकीवरून काळ्या धुरासारखा वाहताना दिसतो. तोही सकाळी वायू आणि पार्श्वभूमी एकाच तापमानाला असताना धरला तर काही दिसत नाही, आणि ‘गळती नाही’ अशी नोंद होते.

खर्चाचा मुद्दा घेऊ. चोवीस इंची वाहिनीच्या दोन व्हॉल्व्हमधला वीस किलोमीटरचा तुकडा दुरुस्तीसाठी रिकामा करायचा आहे, दाब साठ बार. आतलं आकारमान साडेपाच हजार घनमीटर. साध्या दाबाला आणलं तर पावणेचार लाख घनमीटर वायू, सुमारे अडीचशे टन. तो हवेत सोडून दिला तर वीस वर्षांच्या हिशेबात वीस हजार टन कार्बन डायऑक्साइडएवढं काम करतो. २०२३ मध्ये ठरलेल्या, दर दहा लाख बीटीयू उष्णतेमागे साडेसहा डॉलरच्या कमाल दराने त्याची किंमत सत्तर लाखांच्या पुढे जाते. फिरता कॉम्प्रेसर लावून तोच वायू पुढच्या तुकड्यात ढकलला आणि दाब पंधरा बारवर आणला, तर तीन चतुर्थांश माल वाचतो. मग कुणी करत का नाही? कारण कॉम्प्रेसरचं भाडं देखभाल विभागाच्या खात्यावर पडतं आणि वाचलेला वायू विक्री विभागाच्या. शिवाय काम दोन दिवस लांबतं. म्हणूनच ‘फायदा असता तर कंपन्यांनी स्वतःच केलं असतं’ हा लाडका युक्तिवाद इथे लंगडा पडतो. फायदा आहे, पण तो ज्याच्या हातात पाना आहे त्याचा नाही.

वायू जाळण्याचा, म्हणजे फ्लेअरिंगचा, भाग सर्वांत फसवा आहे. मुंबई हायचं तेल १९७४ ला सापडलं आणि मे १९७६ मध्ये वाहू लागलं. तेलाबरोबर येणाऱ्या वायूला तेव्हा पुरेसं गिऱ्हाईक नव्हतं, किनाऱ्यापर्यंत आणायची सोयही अपुरी होती, म्हणून बरीच वर्षं तो समुद्रातल्या ज्वालांत गेला. ते आटोक्यात आणलं कुणी? उरणच्या वायू-वीजकेंद्राने, थळच्या खत कारखान्याने, १९८४ साली स्थापन झालेल्या गेल या सरकारी वायू कंपनीने आणि त्या दशकाच्या अखेरीला उत्तरेकडे गेलेल्या हाजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने. हे हवामानासाठी झालं नाही, माल वाया जातो म्हणून झालं. नॉर्वेने तर सत्तरच्या दशकात पहिल्या क्षेत्रापासूनच सुरक्षिततेखेरीज वायू जाळायला बंदी केली. १९९१ पासून जाळलेल्या वायूवर कार्बन कर बसवला, पुढे न जाळता सोडलेल्या वायूवरही. तिथला तेल उद्योग त्याने बुडाला का?

पण नुसती ज्वाला मोजणं पुरत नाही. रात्रीच्या ज्वाला उपग्रहातून प्रकाशावरून मोजतात. जगात २०२३ मध्ये १४८ अब्ज घनमीटर वायू जळाला हा जागतिक बँकेचा आकडा तसाच आलेला. आता एखाद्या पावसाळी रात्री वाऱ्याने पायलटची, म्हणजे फ्लेअर पेटता ठेवणारी लहान, ज्योत विझली आणि फ्लेअरमधून कच्चा वायू तसाच वर जाऊ लागला, तर उपग्रहाला काय दिसेल? अंधार. म्हणजे प्रगती! टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या क्षेत्रांवर विमानातून केलेल्या मोजणीत फ्लेअरची प्रत्यक्ष कार्यक्षमता ९१ टक्के निघाली, कागदावर ती ९८ धरलेली होती. विझलेल्या आणि अर्धवट जळणाऱ्या ज्योती हे त्याचं कारण. म्हणून फक्त फ्लेअरिंगवर दंड लावणारा नियम नियम नसल्याहून वाईट. तो माणसाला काडी न लावता वायू सोडायला शिकवतो. जाळलेला आणि सोडलेला वायू एकाच तागडीत तोलला पाहिजे, आणि सोडलेला जड भरला पाहिजे.

गंमत म्हणजे आपल्याकडे हे तत्त्व कागदावर आहे. पर्यावरण संरक्षण नियमांच्या परिशिष्टात तेल-वायू उत्खननासाठी नव्वदच्या दशकापासून लिहिलेलं आहे, की वायू न जाळता सोडण्याचा मार्ग कधीही अवलंबू नये. ‘कधीही’! इतका कडक शब्द कोलोरॅडोनेही वापरला नसेल, आणि २०१४ मध्ये तेल-वायूतल्या मिथेनवर थेट नियम करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. फरक इतकाच, की तिथे कुणी, किती दिवसांनी, कुठल्या उपकरणाने तपासायचं आणि किती दिवसांत दुरुस्त करायचं हेही लिहिलं. आपण ‘कधीही नाही’ लिहून थांबलो. टाकीचं झाकण, नियंत्रकाचा फुसकारा, कॉम्प्रेसरचं पॅकिंग यांना त्या वाक्यात जागाच नाही.

‘हे परदेशी खूळ आहे’ हा आक्षेपही इतिहासाला धरून नाही. कोळशाच्या खाणीत मिथेन मोजल्याशिवाय आपल्याकडे पाळी सुरू होत नाही. हवेत तो सव्वा टक्क्यावर गेला की वीज तोडायची, दर टन कोळशामागे किती वायू निघतो त्यावरून खाणीची प्रतवारी करायची, हे भारतीय खाणनियम आहेत. मिथेनच्या स्फोटांनी आपल्या खाणींत माणसं गेली आहेत. खाणीतला वायू हा चर्चेचा विषय नसतो, हे त्या माणसांच्या घरच्यांना सांगावं लागत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांना तर २००८ च्या नियमांनी गळती शोधून दुरुस्त करण्याचा पूर्ण कार्यक्रमच लावून दिला: २००९ पासून पंप-कॉम्प्रेसरला ५,००० आणि व्हॉल्व्ह-फ्लँजना ३,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर गेलं की ती गळती. तो बाष्पशील सेंद्रिय संयुगांसाठी आहे, मिथेनसाठी नाही. पण तोच नळी लावणारा माणूस, तीच नोंदवही, तेच टॅग. शुद्धीकरण कारखान्याच्या कुंपणाआत जे सतरा-अठरा वर्षं जमतं, ते विहिरीच्या कुंपणाआत अशक्य कसं?

युरोपचा मुद्दा मी माझ्या बाजूने वापरणार नाही. पुष्कळ जण वापरतात आणि चुकीचा वापरतात. युरोपीय संघाचा मिथेन नियम ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. कच्चं तेल, वायू आणि कोळसा आयात करणाऱ्यांकडून तो २०२७ पासून मोजमापाचा पुरावा मागतो. आपण युरोपला पाठवतो ते डिझेल आणि विमानाचं इंधन, म्हणजे तयार माल. त्याचा फास थेट आपल्या गळ्यात नाही, आणि ‘युरोप दार बंद करील’ अशी भीती घालणं अप्रामाणिक आहे. अमेरिकेचं उदाहरण तर उलटच पडतं. २०२२ च्या कायद्याने मिथेनवर टनाला ९०० डॉलरपासून १,५०० डॉलरपर्यंत चढता आकार बसवला आणि २०२५ मध्ये काँग्रेसने तो २०३४ पर्यंत ढकलला. मोठ्यानेच पाठ फिरवली तर आपण का चालायचं? पण हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच मान्य करतो, की आपला नियम कुणाच्या तोंडाकडे पाहून ठरायचा. गळणारा वायू आपला आहे. गळणाऱ्या प्रत्येक घनमीटरच्या बदल्यात आपण एलएनजी, म्हणजे द्रवरूप वायू, डॉलर मोजून आणतो.

मोजमापाची अडचण मात्र खरी आहे, आणि ‘आता उपग्रह सगळं पाहतात’ म्हणणाऱ्यांनी ती समजून घ्यावी. युरोपच्या उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज पृथ्वी झाडून काढतं, पण त्याला एकेक गळती ओळखायला ती तासाला काही टनांची, बहुधा त्याहून मोठी, लागते. जीएचजीसॅटसारखे खासगी उपग्रह तासाला शंभर किलोपर्यंत उतरतात, मात्र जिथे रोखले तिथेच पाहतात. मार्च २०२४ ला गेलेल्या मिथेनसॅट उपग्रहाशी जून २०२५ मध्ये संपर्क तुटला. शिवाय समुद्राचं पाणी त्या अवरक्त प्रकाशात काळं दिसतं. सूर्याची चकाकी उपग्रहाकडे परावर्तित होईल असा नेमका कोन साधला तरच समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर काही मोजता येतं. आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर ढग. देशाचं तेल ज्या पट्ट्यातून मोठ्या प्रमाणात येतं, तोच आकाशातून सर्वांत कमी दिसतो. यावर उत्तर ड्रोन, बोट आणि प्लॅटफॉर्मवर चालणारा माणूस. पाच टक्के गळत्यांत निम्मा वायू असेल, तर वर्षातून एकदा महागड्या उपकरणाने अचूक मोजण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी साध्या कॅमेऱ्याने फिरणं जास्त वायू वाचवतं. धबधबा शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, वरचेवर जावं लागतं. ‘आधी नीट मोजू, मग नियम करू’ ही शास्त्रीय वाटणारी भूमिका म्हणूनच टाळाटाळीची आहे. नियंत्रक बदलायला आणि पॅकिंगचं वेळापत्रक पाळायला एकही मोजणी लागत नाही.

कंपन्यांना आवडणारी मिथेन-तीव्रता, म्हणजे विकलेल्या वायूच्या अमुक टक्के गळती, यावरही माझा फारसा विश्वास नाही. ०.२ टक्के ऐकायला छान. पण उत्पादन वाढलं की गळती न थांबवता टक्केवारी घटते, आणि पन्नास नीटनेटक्या विहिरींच्या सरासरीत एक फुटकी सहज लपते. लावायचाच तर आकडा टनांचा, आणि जागेनिहाय.

सर्वांत धारदार हत्यार आपल्या कायद्यात आधीच आहे, फक्त उलटं धरलेलं. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यातलं ६-अ कलम सांगतं, की ‘अपरिहार्यपणे वाया गेलेल्या’ तेल-वायूवर रॉयल्टी नाही, उत्पादनाच्या कामात वापरलेल्यावरही नाही. ही सवलत त्या काळाला शोभणारी होती. पण अपरिहार्य म्हणजे काय? २७ मे २०२० ला आसामात बागजानची वायूविहीर उफाळली. ९ जूनला पेट घेईपर्यंत तेरा दिवस वायू न जळता बाहेर पडत होता आणि विहीर पुरती बंद व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. तो वायू अपरिहार्य होता का? महिनाभर विझलेला पायलट अपरिहार्य का? अमेरिकेतही संघराज्याच्या जमिनीवर हाच शब्द होता. १९८० पासून ‘टाळता येणारी’ आणि ‘न टाळता येणारी’ हानी वेगळी करायचे नियम केले, त्यावर चाळीस वर्षं वकील पोसले गेले, आणि शेवटी २०२२ च्या कायद्याने तिथल्या नव्या पट्ट्यांवर मोजके अपवाद सोडून वाया गेलेल्या वायूवरही रॉयल्टी लावली (२०२५ मध्ये काँग्रेसने ती तरतूद रद्द केली). आपण वकिलांचा टप्पा वगळू शकतो. आणीबाणीचे पहिले काही तास सोडून द्यावेत, पुढे प्रत्येक घनमीटर मोजावा आणि विकल्यासारखा धरावा. एकदा पैसे लागले की देखभाल आणि विक्री ही दोन खाती आपोआप एकमेकांशी बोलायला लागतात.

राहिला प्रश्न पाहायचं कुणी. समुद्रातली सुरक्षितता २००८ च्या नियमांखाली ओआयएसडी या तेल उद्योगाच्या सुरक्षा संचालनालयाकडे, जमिनीवरच्या विहिरी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, प्रदूषण मंडळांकडे धूर आणि सांडपाणी, शहरातली वाहिनी पीएनजीआरबी या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाकडे. यात आणखी नवं कार्यालय नको. काम हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे द्यावं, कारण उत्पादनाचा हिशेब तिथेच जातो आणि हरवलेला वायू सर्वांत आधी हिशेबातच दिसतो: विहिरीवर मोजलेला एका बाजूला, विकलेला, इंधन म्हणून वापरलेला आणि जाळलेला दुसऱ्या बाजूला. जो फरक उरतो तो आज बहुधा ‘जाळलेला’च्या रकान्यात ढकलता येतो, कारण तो रकाना अंदाजाने भरला तरी चालतो. प्रत्येक फ्लेअरच्या मुख्य नळीवर वायूचा प्रवाह मोजणारा एक अल्ट्रासॉनिक मीटर, पायलटपाशी तापमान सांगणारं एक थर्मोकपल, आणि ज्योत किती वाजता विझली, किती वाजता पेटली याची नोंद मासिक विवरणपत्राला जोडलेली. सुरुवातीला एवढं मागवावं, आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळेपर्यंत विवरणपत्र परत पाठवत राहावं.